थर्झाच्या घरातलं एकटं फूल

थर्झा वॉडलीनं आल्यागेल्याच्या तोंडाकडे आधी कधी पाहिलं नाही. मार्च लागला की ती मागच्या दारात उभी राहायची आणि येणाऱ्याचे हात बघायची. पोस्टमन असो, पाद्रीसाहेबांची बायको असो, नाहीतर मी, तिची तीस वर्षांची शेजारीण.

"हात पुढे कर, हेप्झी. पाठीमागे काय धरलंयस?"

"डोंबल धरलंय! वाटीभर यीस्ट मागायला आलेय."

"शाल झटक आधी."

मी शाल झटकायची, पायातले बूट दगडावर आपटायची, मनातल्या मनात तिला चार शिव्या घालायची आणि मग आत पाऊल टाकायची. सवयच झाली होती. आमच्या ब्रूम्सली गावात तिला सगळे 'झडतीवाली' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि कोण कोण म्हणतं हेसुद्धा माहीत होतं.

कारण एवढंच, की मार्चमध्ये तिची हंसीण मागच्या स्वयंपाकघरात, कपडे उकळायच्या हंड्याशेजारी, लाकडी खोक्यात अंड्यांवर बसलेली असायची. आणि आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की वर्षातली पहिली रानडॅफोडिलं घरात येतात, ती जितकी, तितकीच पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात. वीस आणली तर एकही अंडं वाया जात नाही. एकच आणलं तर एकच पिल्लू, बाकीची अंडी नासली म्हणून समजा. कळ्या धरत नाहीत, उमललेलंच फूल मोजायचं. ज्यांच्याकडे नुसत्या कोंबड्या आहेत ते या गोष्टीला हसतात. मीही हसायची. पण माझी हंसीण बसलेली असली की मीसुद्धा दोनदा मोजल्याशिवाय गुच्छ उंबऱ्याच्या आत नेला नाही. खोटं कशाला बोलू?

थर्झा जन्मापासून अशी नव्हती. तिचा नवरा रूबेन पेअरच्या झाडावरून पडून गेला. शिडी उसनी आणलेली, आणि देणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलेलं, शिडी भक्कम आहे. चौथी पायरी आतून किडलेली निघाली. पोरगा एनॉस तेव्हा सात वर्षांचा. त्या दिवसापासून ही बाई कुणाच्या शब्दावर पाव भाजायलासुद्धा ठेवायची नाही. पीठ आणलं की चाळून बघायची, दूध आणलं की नखावर थेंब धरायची. तिला काय बोलणार? तिचं काही चुकत होतं असं मला वाटायचं नाही, फक्त तिच्याबरोबर दमायला व्हायचं.

पण फुलं सांभाळावीत तर तिनंच. बागेखालचं दोन एकराचं कुरण तिचं. त्यातलं गवत जूनअखेरपर्यंत ती कुणाला कापू द्यायची नाही. फुलांची पात पिवळी पडून आपोआप आडवी झाली पाहिजे, तेव्हा कुठे कंदात पुढच्या वर्षाचं बळ उतरतं, म्हणायची. बोंडं तडकली की बी मुठीत घेऊन मोकळ्या जागी उधळायची. त्या बियांना फूल यायला सहा-सात वर्षं लागतात. "तेवढी वाट बघायची तयारी असेल त्यानंच ह्यात पडावं," असं ती मला ऐकवायची, कारण मी एकदा कंद उपटून माझ्या दारात लावले होते. पाद्रीसाहेबांनी बागेत थाळ्याएवढी भडक पिवळी बाजारी डॅफोडिलं लावली, तर ही पहाटे जाऊन त्यांच्या माना खुडून आली. तिचं म्हणणं, मधमाशा तिकडचे पराग इकडे आणतात आणि मग आपली फिकट पाकळ्यांची, ठेंगणी, खरी फुलं बाटतात. पाद्रीसाहेबांनी रविवारच्या प्रवचनात चोरीवर बोलून घेतलं. थर्झा पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होती!

फुलं तोडायच्या दिवसांत सगळं गाव कुरणात. कळी देठावर वाकून हंसाच्या मानेसारखी झाली की तोडायची. आम्ही तिला हंसमान म्हणतो. लोकरीच्या धाग्यानं जुडी बांधायची, शेडमधल्या बादल्यांत बुडवायची आणि संध्याकाळच्या आगगाडीनं लंडनला पाठवायची. निम्मी तिथल्या बाजारात, निम्मी इस्पितळांत. देठातून चिकट पाणी गळतं. ते हाताला लागून लागून बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठतात, खाज सुटते, कातडी फुटते. त्यावर थर्झा हंसाची चरबी चोळायला द्यायची. कंद वाटून मुरगळलेल्या घोट्यावर बांधायचीही तीच, पण जखमेवर कधी नाही, आणि पोटात तर मुळीच नाही. शाळामास्तरांच्या मोलकरणीनं कांदा समजून दोन कंद रश्श्यात घातले होते, तेव्हा मास्तरांसकट सगळं घर दिवसभर बादलीवर वाकून बसलं होतं. फुलांच्या बादलीतलं पाणीसुद्धा थर्झा उकिरड्यापलीकडे नेऊन ओतायची, कुत्र्यानं पिऊ नये म्हणून.

अशा घरात लेटिस सून म्हणून आली.

एनॉस ग्लॉस्टरला घोडागाडीनं माल पोचवायचा, तिथल्या कारखान्यातली ही पोरगी. गोल चेहरा, जरा घोगरा आवाज, आणि कशालाही हसणारी. मला पहिल्या दिवशीच आवडली. थर्झाला पहिल्या दिवशीच खटकली.

"हेप्झी, ही हसते का गं सारखी?"

"लग्न झालंय तिचं. रडू का मग?"

"आपल्याला हसत नाही ना, ते बघ."

फेब्रुवारी संपताना थर्झानं तिला समोर बसवून नियम सांगितला. हंसीण अकरा अंड्यांवर बसली आहे. फुलं उमलली की पहिल्या रविवारी मी स्वतः तीस फुलांचा गुच्छ आणीन. तोवर एक पाकळीसुद्धा या घरात येता कामा नये. लेटिस म्हणाली, "बरं, आई." आणि म्हणताना हसली. ते हसणं थर्झाच्या मनात रुतून बसलं.

त्या मार्चात वारा असा होता की कानाचे तुकडे पडावेत. कळ्या उशिरा वाकल्या. पहिली उमललेली फुलं दिसली त्या गुरुवारी मी दुपारपर्यंत कुरणात तोडत होते. चार वाजता पाव करायला घेतला तर यीस्ट संपलेलं. तशीच थर्झाकडे गेले. दारात ती नव्हती, शेडमध्ये जुड्या मोजत होती. लेटिस वर पलंग आवरत होती. मी आत शिरले, फडताळातून यीस्ट काढलं, हंसीण फिस्कारली तिला "गप गं" म्हटलं आणि निघून आले. झडती घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून शाल झटकली नाही.

पाच वाजता तिची किंकाळी ऐकू आली. मी धावले.

हंसिणीच्या खोक्याशेजारी, फरशीवर, एक फूल पडलेलं. पूर्ण उमललेलं. देठ अर्धा तुटलेला.

"कुणी आणलं हे?" थर्झा पांढरीफटक पडली होती. "कुणी आणलं?"

"मी नाही, आई," लेटिस म्हणाली. एनॉस नुकताच आलेला, टोपी हातात धरून उभा. त्याचे बूट दारातच.

"हात दाखव."

लेटिसनं हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे!

"तोडायला तर तू गेली नाहीस. मग हे कुठून आलं?"

"मला नाही माहीत. आठवडाभर खाजतंय."

"आठवडाभर! म्हणजे आठवडाभर तू चोरून फुलं हाताळतेयस."

आता ऐका. थर्झाचे कुरणातले एप्रन त्या आठवड्यात कोण धूत होतं? लेटिस. चिकानं भिजून कडक झालेले एप्रन, हातानं चोळून. चट्टे तिथून आलेले. हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि मी बोललेही. "अगं, तुझ्याच एप्रननं झालंय ते!"

थर्झानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच फूल ठेवलं होतं. "तुला फार घाई तिची बाजू घ्यायची."

मी घरी आले, शाल खुंटीला लावायला काढली, आणि झालरीत एक मोडका देठ अडकलेला दिसला. फूल नसलेला. मी तो देठ चुलीत टाकला.

त्याच वेळी परत जाऊन सांगायला हवं होतं. पन्नास पावलांवर घर. पण मनात शंकेची पाल चुकचुकली. मी सांगितलं तर ही म्हणणार, मुद्दाम आणलंस. तुझ्या हंसिणीला गेल्या वर्षी चारच पिल्लं झाली म्हणून माझ्या घरावर जळतेस. आणि गावभर तेच होणार. त्यापेक्षा दोन दिवसांत निवळेल, सासवासुनांचं काय, होतच असतं. मी मूग गिळून बसले. माझ्या भित्रेपणाला मी तेव्हा शहाणपण म्हणत होते.

निवळलं नाही. थर्झानं मागच्या स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात. लेटिसला तिकडे फिरकायची बंदी. दर दोन तासांनी ही आत जायची, हंसिणीला उचलून बाजूला करायची, एकेक अंडं अंधाऱ्या कोठीत नेऊन मेणबत्तीसमोर धरायची, आत जीव हलतोय का बघायला. आणि ते करताना दार सताड उघडं, अंगणातून कोण येतंय त्यावर नजर राहावी म्हणून.

"थर्झा, अगं गारठून जातील," मी म्हटलं. "हंसीण दिवसातून एकदा उठते, तेवढंच तिला उठू दे."

"तुला बरी काळजी माझ्या अंड्यांची! आधी कुठे गेली होती?"

गावात दोन तट पडले. दुकानात लेटिस शिरली की बायका बोलायच्या थांबत. एकीनं तिच्या टोपलीत डोकावूनही पाहिलं. एनॉस आईपुढे तोंड उघडायचा नाही आणि बायकोपुढेही नाही. गाडीच्या घोड्याशी मात्र तासन्‌तास बोलायचा. एका सकाळी लेटिस माझ्याकडे आली आणि दार लावून घेतलं.

"हेप्झीमावशी, मला दिवस गेलेत. तिसरा महिना."

"अगं मग सांग की तिला! नातवंड म्हटल्यावर विरघळेल."

"नाही सांगत. अकरा अंड्यांतून एकच निघालं तर त्या काय म्हणतील? माझा हात वाईट. आणि उद्या ह्याला काही झालं तर? तेही माझ्याच हातानं, असंच ना?" ती हसत नव्हती. त्या गुरुवारपासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. "मी खरंच आणलं नाही हो ते फूल."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी म्हटलं, "तुझ्या तोंडावरून कळतं." देवा!

हंसीण बसल्यापासून तिसाव्या दिवशी एक अंडं फुटलं. एकच. ओलं, पिवळट पिल्लू बाहेर आलं. थर्झानं आणखी तीन दिवस वाट पाहिली. मग ती अंगणात आली आणि लेटिसच्या खिडकीकडे बघून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एक फूल, एक पिल्लू! आता म्हण, मी नाही आणलं."

दुसऱ्या दिवशी एनॉसनं गाडीत ट्रंक चढवली. लेटिस पुढे बसली. त्यानं आईला एवढंच सांगितलं, "ग्लॉस्टरला काम मिळालंय." तीस वर्षांत आईच्या मनाविरुद्ध त्यानं केलेली पहिली गोष्ट ती. थर्झा दारात उभी होती. "जातात तर जाऊ देत," असं म्हणाली, पण ते मला म्हणाली, त्यांना नाही.

उरलेली दहा अंडी पुरायला मी गेले. खड्डा काढल्यावर मी एक फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू, पिसांसकट, चोच वळवलेली. दुसरं फोडलं, तेही तसंच. दहाही फोडून पाहिली, नासलेलं एकही नव्हतं.

"बघ," मी म्हटलं. माझा आवाज चढला, राग मला आवरेना. "फुलानं मेली असती तर पहिल्या आठवड्यात मेली असती. ही चार दिवसांपूर्वीपर्यंत जिवंत होती. गारठून गेलीत. तू दिवसातून सहा वेळा हंसिणीला उठवलंस, दार उघडं टाकलंस. तुझ्या पहाऱ्यानं मारलंय त्यांना."

ती खाली बसली. त्या पिल्लाची ओली मान तिनं बोटानं सरळ केली.

"आणि तिला दिवस गेलेत," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. असा चेहरा मी तिचा फक्त रूबेनच्या वेळी पाहिला होता. पण तोंडातून आलं ते असं: "तुला सांगितलं. मला नाही."

त्याच महिन्यात ती बसमध्ये बसून ग्लॉस्टरला जाऊन आली. लेटिसनं दार उघडलं, चहा दिला, नीट बोलली, आणि परत या असं म्हणाली नाही. थर्झाला माफी मागता आली नाही. तिनं तिथेही दुधाचा वास घेऊन पाहिला, हे मला एनॉसनं नंतर सांगितलं.

सप्टेंबरात त्याचं पत्र आलं. थर्झाची नजर मंदावली होती, मी वाचून दाखवलं. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. बस्स.

"नाव वाच."

"नाव नाही लिहिलेलं."

"पुन्हा वाच. मागच्या बाजूला असेल."

मी तीन वेळा वाचलं. ती कागद उन्हात धरून स्वतः बघत बसली. "माझ्यापासून नाव लपवलं," ती म्हणाली. "एवढीशी पोर, तिचं नाव!" आणि रडली. थर्झा वॉडली माझ्यासमोर रडली.

मला त्याच टपालानं लेटिसचं वेगळं पत्र आलं होतं. नाव म्युरिएल. "आईंना सांगू नका. नाव तोंडी आलं की काही वाईट झाल्यावर त्याच नावानं बोटं मोडली जातील. वाचून जाळून टाका." मी जाळलं. वचन म्हणजे वचन. निदान एका बाबतीत तरी मला नीट वागायचं होतं.

थर्झा पुढे आठ वर्षं जगली. दर महिन्याला एकदा तरी म्हणायची, "काय ठेवलं असेल गं? माझ्या आईचं तर नसेल?" मी म्हणायची, "काय माहीत."

शेवटच्या हिवाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं. एका दुपारी मी तिला सूप भरवत होते, चमच्यातलं आधी मी प्यायल्याशिवाय ती तोंड उघडत नव्हती. आणि मला वाटलं, आता पुरे.

"थर्झा, ते फूल माझ्या शालीला अडकून आलं होतं. यीस्ट न्यायला आले होते मी. देठ झालरीत सापडला. आठ वर्षं मी गप्प राहिले. चूक माझी, लेटिसची नाही."

तिनं चमचा बाजूला सारला. "तिनं सांगितलंय तुला असं बोलायला?"

"नाही गं. शपथ घेते."

"पहिल्यापासून तू तिचीच. आता मी चाललेय, तर स्वतःवर ओढून घेतेस."

"बरं, ते राहू दे. नातीचं नाव म्युरिएल आहे."

तिचे ओठ हलले. ते नाव तिनं आवाज न करता म्हणून पाहिलं, मला दिसलं. मग कपाळाला आठी पडली. "आमच्या घराण्यात असलं नाव कुणाचं नाही. कुणी सांगितलं?"

"लेटिसनं पत्रात लिहिलं होतं."

"दाखव पत्र."

"जाळलं."

"जाळलंस," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. "मरणाऱ्या बाईला काहीतरी गोड सांगून गप्प करायचं. मला काय वेडी समजतेस?"

त्यानंतर ती नऊ दिवस होती. मी रोज तेच सांगितलं. रोज ती म्हणाली, "सूप गार झालं."

तिला पुरायच्या दिवशी ग्लॉस्टरहून तिघंही आली. पोरगी एनॉसच्या वळणावर गेलेली, पण चेहरा लेटिससारखा गोल. सगळं आटोपल्यावर ती माझ्यापाशी आली. "तुम्ही आजीच्या शेजारीण ना? तिला मी माहीत होते का?"

"हो तर," मी म्हटलं. "तुझं नावसुद्धा माहीत होतं तिला."

लेटिस दोन पावलांवर उभी होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. मी दिलेला शब्द मोडला हे तिला कळलं. तिला वाटलं असणार, पहिल्याच दिवशी जाऊन सांगितलं असेल, आणि आणखी काय काय सांगितलं असेल. मी शालीचं सांगायला तोंड उघडलं, तोवर ती पोरीचा हात धरून फाटकापाशी पोचली होती. तिनं मला त्यानंतर एक ओळही लिहिलेली नाही.